चित्रपटातील चमत्कृती आणि कथेचे बळ



चतुर्थीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली, त्या पहिल्याच दिवशी नववीच्या वर्गात शिरलो तो मुले एका नव्या चित्रपटाच्या चर्चेत अगदी रंगून गेली होती. समुद्र कसा खवळला, शहर कसे पाण्याखाली गेले, डोंगर कसा दुभंगला, याचे वर्णन करताना एकेकाचे हात हवेत फिरत होते. मीही दोन मिनिटे कौतुकाने ऐकत राहिलो आणि मग सहज विचारले, "बरे, पण त्या कथेतील मुलगा घर सोडून का निघाला होता?" वर्ग एकदम शांत झाला. मुले एकमेकांकडे पाहू लागली. अखेर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, ते काही आठवत नाही. पण कथा बेताची असली म्हणून काय बिघडले? देखावे एवढे भव्य असले म्हणजे पैसे वसूल झालेच की!"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. वार्षिकांकासाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा ते राहिलेले उत्तरच लिहून काढावे असे ठरविले. यंत्रशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आहे. तरी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते, कारण हीच चूक मी स्वतः एकदा केलेली आहे. ती कोणती, ते शेवटी सांगेन.

प्रथम त्या विद्यार्थ्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. केवळ देखाव्याने माणूस मोहून जातो, ही गोष्ट चित्रपटाच्या जन्मकाळापासून सिद्ध आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. त्यांत कथा अशी नव्हतीच. स्थानकात येणारी आगगाडी, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, अशी ती लहान लहान दृश्ये होती. चित्र हलते, एवढाच त्यांतील चमत्कार. आणि तेवढा पाहण्यासाठी लोक पैसे मोजून आले. आपल्या संस्कृत नाट्यशास्त्रानेही विस्मयाला कमी लेखलेले नाही. भरतमुनींनी आठ रसांत अद्भुताला स्थान दिले आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला. वेषभूषा, रंगभूषा, रंगमंचावरील कृत्रिम वस्तू या सर्वांना त्यांनी आहार्य अभिनय असे नाव देऊन अभिनयाच्या चार प्रकारांत बसविले. तेव्हा देखावा म्हणजे पोरखेळ, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

परंतु त्याच भरतमुनींनी इतिवृत्ताला, म्हणजे कथावस्तूला, नाट्याचे शरीर म्हटले आहे. अलंकार अंगावर घालायचे असतात. त्यांसाठी आधी अंग हवे. ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल यानेही शोकात्म नाटकाची सहा अंगे सांगताना कथानकाला पहिला मान दिला आणि देखाव्याविषयी लिहिले की, तो मन वेधून घेतो खरा, पण त्यात कवीच्या कलेचा भाग सर्वांत थोडा असतो. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा या ठिकाणी एकत्र येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता शास्त्र बाजूला ठेवून प्रत्यक्ष इतिहास पाहू. चित्रपटातील चमत्कृतीचा आद्य आचार्य म्हणजे फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस. हा मूळचा जादूगार. पॅरिसमधील एक जादूचे नाट्यगृहच त्याच्या मालकीचे होते. तो स्वतः सांगत असे की, एकदा रस्त्यावर चित्रण करीत असताना त्याचा कॅमेरा मध्येच अडकला. काही क्षणांनी तो पुन्हा सुरू झाला. पुढे फीत पाहतो तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवासी गाडीचे एकाएकी शववाहिकेत रूपांतर झालेले! कॅमेरा थांबवावा, समोरची वस्तू बदलावी आणि पुन्हा चालू करावा, म्हणजे पडद्यावर चमत्कार घडतो, ही युक्ती त्याच्या हाती लागली. एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, माणसाचे शिर धडावेगळे दाखविणे, अशा कितीतरी युक्त्या त्याने पुढे वापरल्या. १९०२ साली त्याने काढलेल्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटातील, चंद्राच्या डोळ्यात रुतून बसलेले ते अग्निबाणासारखे यान आजही जगभर ओळखले जाते.

या मेलिएसने पुढे स्पष्टपणे लिहून ठेवले की, कथानक हे त्याच्या दृष्टीने युक्त्या दाखविण्याचे केवळ निमित्त होते. सुमारे पाचशे लहानमोठे चित्रपट त्याने काढले. पण १९१३ नंतर त्याचे चित्रपट बंद पडले. त्याच्या चित्रांच्या चोरून केलेल्या प्रती, मोठ्या कंपन्यांची स्पर्धा, कर्ज, अशी याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. तथापि एक कारण हेही होते की, इतर देशांतील दिग्दर्शक तोपर्यंत पडद्यावर गोष्ट सांगू लागले होते, आणि मेलिएस मात्र जुन्याच युक्त्या नव्या निमित्ताने दाखवीत राहिला. उतारवयात पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावर खेळण्यांच्या लहानशा दुकानात बसून तो विक्री करीत असे. प्रेक्षकांना चकित करणे त्याला साधले होते; त्यांना पुढे काय होईल याची हुरहूर लावणे साधले नाही.

याच सुमारास आपल्याकडे दुसरा एक जादूगार चित्रपटाकडे वळत होता. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण यांबरोबर जादूचे प्रयोगही ते करीत, आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव लावीत. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे थोड्या थोड्या अंतराने चित्रण केले. पडद्यावर पाहणाऱ्याला अंकुर डोळ्यांदेखत वर येऊन त्याचे रोप झालेले दिसले.

मित्रहो, ही युक्ती मेलिएसच्या युक्तीचीच बहीण आहे. कॅमेरा थांबवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. परंतु फाळक्यांच्या युक्तीत एक कथा आहे. एक दाणा मातीत पडतो, त्याला अंकुर फुटतो, तो उजेडाकडे मान उंचावतो. बी पाहिल्याबरोबर आपण रोपाची वाट पाहू लागतो. वाट पाहायला लावणे, हेच कथेचे पहिले लक्षण होय.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. १९१७ साली 'लंकादहन' निघाला आणि मारुतीचे उड्डाण लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ च्या 'कालियामर्दना'त फाळक्यांच्या लहानग्या कन्येने, मंदाकिनीने, कृष्णाचे काम केले. त्या चित्रपटाच्या आरंभी एक मार्मिक गोष्ट आहे. कालिया बाहेर येण्यापूर्वी, एवढेच काय पण कथाही सुरू होण्यापूर्वी, फाळके त्या मुलीचा चेहराच प्रेक्षकांना दाखवितात. ती हसते, रागावते, तिच्या मुद्रेवर एकामागून एक भाव उमटतात आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. ज्याला यमुनेच्या डोहात प्रचंड सर्प दाखवायचा होता, त्याने आधी माणसाचा चेहरा दाखविला. सर्पाशी झुंजणारे ते लेकरू आपले वाटले, तरच सर्पाचे भय वाटणार, हे त्या कलावंताने ओळखले होते.

येथे कोणी म्हणेल, फाळक्यांच्या कथा लोकांना आधीच ठाऊक होत्या. त्यांना कथा सांगण्याचे श्रम कोठे पडले? आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. ठाऊक असलेली कथा म्हणजे पेढीवर ठेवलेले भांडवल. ते आपले असते, पण काढून व्यापारात घातल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. अशोकवनातील सीतेचे दुःख पडद्यावर दिसले नसते, तर मारुतीचे उड्डाण ही दोऱ्यांची करामतच ठरली असती. सीतेपाशी पोहोचण्यासाठी तो उडतो, म्हणून प्रेक्षकाचे मनही त्याच्याबरोबर उडते.

एकाच कारागिराचे दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा अधिक स्वच्छ होतो. १९३३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत 'किंगकाँग' प्रकाशित झाला. त्यातील राक्षसी वानर म्हणजे प्रामुख्याने सुमारे दीड फूट उंचीच्या, सशाचे केस लावलेल्या बाहुल्या होत्या. विलिस ओब्रायन हा कारागीर बाहुलीचा हातपाय किंचित हलवी, एक चित्र घेई, पुन्हा किंचित हलवी. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात; म्हणजे एका मिनिटाच्या हालचालीला १,४४० चित्रे झाली! इतके करूनही नीट पाहिले तर कारागिराची बोटे लागून बाहुलीचे केस विस्कटलेले पडद्यावर दिसतात. तरीही शेवटी न्यूयॉर्कच्या त्या उत्तुंग इमारतीवर विमानांच्या गोळ्यांनी घायाळ झालेला काँग हातातील तरुणीला अलगद खाली ठेवतो आणि मग कोसळतो, तेव्हा प्रेक्षक हळहळतो. बाहुलीसाठी कोणी हळहळत नाही. आपल्या मुलखातून साखळदंडांनी बांधून आणलेल्या एका जिवासाठी हळहळतो.

या यशाने उत्तेजित होऊन त्याच कंपनीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँगच्या पिल्लाचा दुसरा चित्रपट घाईघाईने काढला. कारागीर तोच, बाहुल्यांचे तंत्र तेच. पण यावेळी कथा जुळवायला कोणी सवड घेतली नव्हती. पहिल्या चित्रपटाचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. दुसरा मात्र अभ्यासकांपलीकडे फारसा कोणाच्या स्मरणात उरला नाही. हात तेच असूनही फळ निराळे का आले, याचा विचार तुम्हीच करा.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो एका वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. इंद्रायणीत बुडविलेली गाथा वर येते. शेवटी वैकुंठाहून गरुडाचे विमान उतरते. आजच्या मुलाला ते विमान पाहून हसू येईल. लाकूड आणि कापड त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. पण जिजाई पाहून त्याला हसू आले, तरी ते निराळे हसू असेल. मुलाच्या दुखण्याने जीव मेटाकुटीला आलेली, हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळाकडे निघालेली ती बाई आजही आपल्या शेजारी राहते. ती चूल, ती लेकरे, तो उपास सर्व खरे आहे, म्हणूनच वैकुंठाचे विमान खरे वाटते. जमीन घट्ट असली म्हणजेच उड्डाणाला अर्थ येतो. शंभर वर्षे होत आली तरी विमान जुने झाले आणि जिजाई झाली नाही, यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

हैदराबादकडील वाचकांना 'मायाबाजार' हा १९५७ चा तेलुगू चित्रपट ठाऊक असेल. त्यात लग्नघरी मांडलेल्या पक्वान्नांची ताटे घटोत्कचापुढे आपोआप सरकतात आणि लाडू उडून त्याच्या तोंडात जातात. छायाचित्रकार मार्कस बार्टली यांची ती करामत. पण तिची खरी गोडी घटोत्कचाच्या स्वभावात आहे. त्या धूर्त, खादाड, प्रेमळ राक्षसाचा मिष्किलपणा त्या एका दृश्यात पूर्ण उतरतो. चमत्कृती येथे पात्राचे वर्णन करण्याच्या कामी आली आहे.

इतके वाचून एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "मग १९९३ चा 'जुरासिक पार्क', २००९ चा 'अवतार' यांचे काय? 'अवतार'ची कथा अगदी साधी, असे कितीतरी टीकाकारांनी म्हटले. तरी उत्पन्नाच्या बाबतीत त्याने जगातील सर्व चित्रपटांना मागे टाकले." हा प्रश्न टाळता येणार नाही. त्याचे उत्तर असे की, साधी कथा आणि दुबळी कथा यांत अंतर आहे. पायांतील बळ गमावलेला एक सैनिक, त्याला परक्या लोकांत वावरण्यासाठी मिळालेला नवा देह, आणि एका बाजूला वरिष्ठांची आज्ञा तर दुसऱ्या बाजूला ज्यांचे अन्न खाल्ले ती माणसे: ही कथा नवी नसेल, पण ती दुबळी नाही. तिच्यात एका माणसाला निवड करावी लागते आणि त्या निवडीची किंमत मोजावी लागते. इसापाच्या गोष्टीही साध्याच आहेत. त्यांना कोणी दुबळ्या म्हणत नाही. 'जुरासिक पार्क' सव्वादोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ चालतो. त्यात ते प्राचीन प्राणी प्रत्यक्ष दिसतात ते सुमारे पंधरा मिनिटेच. उरलेला सर्व वेळ ते येण्याची भीती आपण बाळगीत असतो.

त्याच दिग्दर्शकाने, स्टीव्हन स्पीलबर्गने, १९७५ साली 'जॉज' काढला तेव्हा शार्क माशाचे यंत्र खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडू लागले. मासा दाखविता येईना. तेव्हा त्याने माशाला बांधलेली पिंपे पाण्यावर सरकताना दाखविली, शांत पाणी दाखविले, किनाऱ्यावरील माणसांचे चेहरे दाखविले. आणि न दिसणाऱ्या माशाने प्रेक्षकांचा थरकाप उडविला. यंत्र बिघडले, पण कथेने वेळ मारून नेली. याच्या उलट कथा बिघडली आणि यंत्राने तारली, असे उदाहरण शोधू गेल्यास काय दिसते? २००१ साली 'फायनल फँटसी' नावाचा एक चित्रपट संपूर्ण संगणकावर काढला गेला. नायिकेच्या डोक्यावरील सुमारे साठ हजार केस वेगवेगळे हलतील अशी योजना त्यात होती. त्या काळच्या मानाने ते तंत्र थक्क करणारे होते. परंतु कथा प्रेक्षकांच्या मनाला भिडली नाही; चित्रपट मोठ्या तोट्यात गेला. साठ हजार केस मोजले गेले, पण त्या डोक्यात काय चालले आहे, याची उत्सुकता कोणाला वाटली नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की, विस्मय हा पाहुण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी त्याचे मोठे कौतुक होते. तिसऱ्या दिवशी तो घरात आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. काल जे देखावे पाहून लोक उभे राहिले, ते आज हातातील दूरध्वनीवर मुले सहज तयार करतात. कथा मात्र घरच्या माणसासारखी असते. जितका सहवास अधिक, तितकी ओळख खोल. अपूर्व देखाव्याच्या बळावर दुबळा चित्रपट चार आठवडे चालेल, पैसाही मिळवील. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची उणीव भरून निघाली असे होत नाही, ती केवळ झाकली जाते. आणि झाकलेली उणीव प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत उघडी पडते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी ध्रुवाचे नाटुकले बसविले. आमच्या भागात जत्रेतील दशावतारी नाटकांत 'ट्रिकसीन' असला म्हणजे गर्दी हमखास होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मलाही तो मोह पडला. रंगमंचावर एक भव्य कमळ उमलावे आणि त्यातून विष्णू प्रकट व्हावा, अशी योजना केली. बांबू, तारा, पातळ गुलाबी कापड, आत दिवे; महिनाभर दुपारच्या तालमी त्या कमळापायीच संपल्या. वेळ उरेना, म्हणून सावत्र आईने ध्रुवाला मांडीवरून उठविण्याचा प्रवेश दोन वाक्यांत उरकला. ध्रुवाचे काम करणारा मुलगा गुणी होता. "सर, मला इथे थोडे जास्त बोलायला द्या ना," असे तो दोनदा म्हणाला. मी लक्ष दिले नाही.

प्रयोगाच्या रात्री कमळ अप्रतिम उमलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कृतार्थ होऊन घरी आलो. माझी आजी पहिल्या रांगेत बसून नाटक पाहून आली होती. ध्रुवाची कथा तिला तोंडपाठ; लहानपणी तिच्याच तोंडून मी ती ऐकलेली. अंथरुणावर बसून ती आमच्या कोंकणीत म्हणाली, "कमळ बरें उक्तें जालें रे. पूण तो भुरगो कित्याक रडटालो?" कमळ छान उमलले, पण तो मुलगा रडत का होता? जिला कथा ठाऊक होती, तिलाही माझ्या नाटकात ती दिसली नाही. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या मुलाला मी बोलू दिले नाही, त्याच्या बाजूने तिने तो विचारला, असे मला त्या रात्री वाटले, आणि आजही वाटते.

म्हणून मित्रहो, चित्रपट पाहू नका असे मी म्हणणार नाही. देखाव्यांचा आनंदही अवश्य घ्या. त्यामागे शेकडो कारागिरांचे श्रम असतात. केवळ पाहून आल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारीत जा. कथेतील माणसाला काय हवे होते? ते मिळविण्यासाठी त्याला काय सोडावे लागले? आणि तो चमत्कार काढून टाकला, तर ती कथा आईला जेवताना सांगता येईल का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर चित्रपट चांगला, मग त्यात चमत्कार असो वा नसो.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आपण पुन्हा ध्रुवच करणार आहोत. ते जुने कमळ मी जपून ठेवले आहे. त्याच्या दोन पाकळ्या मोडल्या आहेत, त्या दुरुस्त करता येतील. पण तालीम मांडीच्या प्रवेशापासून सुरू होईल आणि तो प्रवेश मनासारखा उतरल्यावरच कमळाला हात लावला जाईल. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याने उत्तानपाद राजाचे काम करावे, अशी माझी इच्छा आहे. मुलाला मांडीवरून उठविताना पाहूनही गप्प बसलेल्या बापाने काय करावे, हे त्याला स्वतःच शोधून काढावे लागेल.